गोव्यातल्या रुग्णालयात नवा सायकॉलॉजिस्ट: मेंटर, नोकरी आणि पुढची वाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की मला फोन येऊ लागतात. कोणी नुकतंच शिक्षण संपवून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेलं असतं, कोणी जिल्हा रुग्णालयात कंत्राटावर लागलेलं असतं, कोणी बंगळूरहून किंवा रांचीहून शिकून घरी परतलेलं असतं. मी अठरा वर्षं रुग्णालयात काम करते, त्यातली शेवटची बारा गोव्यात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. शिकवणं, संशोधन आणि पेशंट ही तिन्ही कामं जिथे एकाच छपराखाली चालतात, अशा वैद्यकीय महाविद्यालयांतल्या आणि संस्थांतल्या सायकॉलॉजिस्टसाठी ती मुख्यतः आहेत.

माझे एचओडी (विभागप्रमुख) खूप चांगले आहेत. मग वेगळा मेंटर कशाला?

चांगला एचओडी मिळाला असेल तर त्यांना धरून राहा. पण ही तीन वेगवेगळी कामं आहेत. विभागप्रमुख तुमचं काम तोलतात. तुमच्या गोपनीय अहवालावर सही त्यांची असते. सुपरवायझरचं लक्ष पेशंटवर असतं: निदान बरोबर आहे का, धोका वेळेत ओळखला का, थेरपी कुठे अडली. मेंटरचं लक्ष तुमच्यावर असतं: तुम्ही कशाने दमलाय, कोणतं काम नाकारायला हवं, पाच वर्षांनी कुठे असायचंय.

समजा, पहिल्याच मुलाखतीत आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचं तुमच्याकडून राहून गेलं. ते सुपरवायझरला त्याच दिवशी सांगायलाच हवं. पण तो प्रश्न ओठावर येऊनही तुमची जीभ अडली, कारण घरी दोन वर्षांपूर्वी तसंच काही घडलं होतं, तर ते कोणाला सांगाल? ज्याच्या हातात तुमचं कंत्राट आहे त्याला ते सांगताना माणूस शब्द चाचपतो, आणि ते साहजिक आहे.

अमेरिकन संशोधक कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकात मेंटरच्या कामाचे दोन भाग दाखवले होते: एक करिअर पुढे नेणारा, दुसरा मनाला आधार देणारा. दोन्ही भाग एकाच माणसाकडून मिळतीलच असं नाही, आणि तसा आग्रहही धरू नये.

गोव्यात माणसं मोजकी, त्यामुळे तिन्ही भूमिका बऱ्याचदा एकाच खुर्चीत बसलेल्या असतात. तेव्हा निदान वेळ तरी वेगळी करा. दारातच सांगा, ‘मॅडम, आज केस आणलेली नाही, माझ्याबद्दल बोलायचंय.’ एवढ्या वाक्याने समोरचा माणूस वेगळ्या कानाने ऐकू लागतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

करिअरचा ‘सुरुवातीचा काळ’ किती वर्षांचा धरायचा?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन डॉक्टरेटनंतरची पहिली १० वर्षं धरते. आपल्याकडे रुग्णालयातले बहुतेक जण डॉक्टरेटशिवाय काम सुरू करतात, म्हणून मी आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) नोंदणीच्या तारखेपासून मोजते. दहा वर्षं ऐकून दचकू नका. नवव्या वर्षीही मला विचारायला कोणीतरी लागत होतं.

एम.ए. सायकॉलॉजी झालंय, आरसीआय नोंदणी नाही. रुग्णालयात काम करता येईल का?

काम करता येतं, पण ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव लावता येत नाही. हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्या. मुलाखतीत कोणी ‘चालतं हो’ म्हणालं तरी. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयच्या मान्यतेशी बांधलेली आहे. त्याच कायद्याने राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करण्याचं काम दिलं आहे. म्हणजे कागद दोन ठिकाणचे लागतात.

बाकीच्या सायकॉलॉजिस्टसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे. त्यातल्या वर्तन-आरोग्याच्या गटात, आरसीआयखाली येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून, सायकॉलॉजिस्टचा समावेश केला आहे.

शिक्षणाची वाटही बदलते आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाली. यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क एवढ्या दोनच विषयांसाठी तिला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. म्हणून फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही स्वतः तपासा. मान्यता संपलेल्या कोर्सला दोन वर्षं घालवून रडत आलेली मुलगी मी पाहिली आहे. तिची त्यात काही चूक नव्हती. कोणी वडीलधारं तिला हे तपासायला सांगणारं नव्हतं, एवढंच.

विभागात मी एकटीच सायकॉलॉजिस्ट आहे. बाकी सगळे एमडी. विचारू कोणाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी सायकियाट्रिस्ट सहकाऱ्यांविषयी. निदान, औषधं, तातडीचे प्रसंग, न्यायालयाची पत्रं, वॉर्डातली शिस्त हे सगळं त्यांच्याकडून भरभरून शिका. मी तसंच शिकले. पण सत्रात शांतता पसरली तर ती किती वेळ राहू द्यायची, रोर्शाकच्या, म्हणजे शाईच्या डागांच्या चाचणीतला प्रतिसाद कसा वाचायचा, पेशंट आठव्या भेटीनंतर यायचं का थांबतो, हे आपल्या विद्येतलंच माणूस सांगू शकतं.

ते माणूस गोव्यात नसेल तर बाहेर शोधा. जिथे शिकलात तिथल्या शिक्षकांना महिन्यातून एकदा ऑनलाइन तास मागा. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स १९६८ पासून आहे. तिच्या परिषदेला जा आणि व्याख्यानांपेक्षा चहाच्या वेळेला जास्त महत्त्व द्या. आरसीआयच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या शिक्षणाचे गुण तुम्हाला लागणारच आहेत. मग तेच कार्यक्रम निवडताना तिथे कोण भेटेल याचाही विचार करा.

आणि बरोबरीच्यांना कमी लेखू नका. याचा उत्तम धडा गोव्यातच घडलेला आहे. पर्वरीच्या संगथ संस्थेच्या अभ्यासांत मानसोपचाराची पदवी नसलेले प्रशिक्षित समुपदेशक नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करायचे. हे समुपदेशक गटात बसून एकमेकांच्या सत्रांचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. तज्ज्ञ सोबत असायचे, पण भार हळूहळू बरोबरीच्यांनी उचलला. आपण एवढ्या पदव्या घेऊन हे का करत नाही? आम्ही चौघींनी सहा वर्षांपूर्वी हे सुरू केलं. दर दुसऱ्या शनिवारी एकीने लेखी संमती घेतलेल्या सत्राची दहा मिनिटं ऐकवायची. पहिल्या खेपेला माझा स्वतःचा आवाज ऐकून मला कळलं की मी पेशंटचं वाक्य पुरं होऊ देत नाही. बारा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

‘पण खरा गुरू एकच असतो ना?’ असं एका मुलाने मला विचारलं होतं. मी त्याला गायिका मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट सांगितली. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मध्येच तुटली, तेव्हा त्या घरी बसल्या नाहीत. दुसऱ्या उस्तादांकडे शिकत राहिल्या आणि पुढे खाँसाहेबांकडेच परतून गंडा बांधला. कुर्डीसारख्या गावातून निघालेल्या बाईने त्या काळात हे केलं. आपल्याला तर फोन हाताशी आहे.

बाहेरच्या मेंटरशी केस बोलले तर गोपनीयतेचं काय?

गोव्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त अवघड आहे. मुंबईत ‘पस्तीस वर्षांची शिक्षिका’ म्हटलं तर ती लाखांत हरवते. इथे ‘पेडण्याची मासळीवाली, थोरला मुलगा बोटीवर, नवरा पितो’ एवढं बोललात की ऐकणाऱ्याला घर कळलं. मेंटरची मावशीच कदाचित त्यांची शेजारीण असेल.

मी नाव तर काढतेच, पण गाव, व्यवसाय आणि घरातल्या माणसांची संख्याही बदलते; उपचारासाठी जे महत्त्वाचं तेवढंच जसंच्या तसं ठेवते. व्यवसायच दुखण्याच्या मुळाशी असेल तर ती केस गोव्यातल्या माणसाशी न बोलता बाहेरच्या मेंटरशी बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो कधीच पाठवत नाही. पेशंटला पहिल्याच भेटीत सांगते, ‘मी माझ्या वरिष्ठांचा सल्ला घेते, तेव्हा तुमची ओळख सांगत नाही.’ २०१७ च्या कायद्यातलं २३ वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं, पण त्याहीआधी हा शेजारधर्माचा प्रश्न आहे. तोच माणूस उद्या जत्रेत आपल्या समोर उभा राहणार असतो.

ज्यांना ओळखत नाही अशा वरिष्ठांना पहिला मेसेज कसा लिहू?

‘मॅडम, मला तुमचं मार्गदर्शन हवं आहे’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला काय द्यायचं तेच कळत नाही. नेमकं लिहा, थोडं मागा. एका मुलीने मला पाठवलेला मेसेज तिच्या परवानगीने देते:

‘नमस्कार मॅडम. मी जानेवारीपासून व्यसनमुक्ती विभागात सायकॉलॉजिस्ट आहे. तुम्ही गेल्या महिन्यात कुटुंबाच्या सत्रांवर बोललात, ते मी ऐकलं. माझ्याकडे अशी दोन कुटुंबं आहेत, आणि दोन्हीकडे तिसऱ्या भेटीनंतर वडील यायचे थांबले. यावर अर्धा तास बोलता येईल का? कोणत्याही बुधवारी दोननंतर मी येऊ शकते.’

मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. आज तिला तीन वर्षं झाली. तिने कधी ‘माझ्या मेंटर व्हा’ असं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तरीही नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका. ओपीडीच्या दिवशी आलेले मेसेज खाली जातात.

आठवडाभर आयक्यू रिपोर्टच लिहिते. यातून करिअर कसं घडणार?

तुमची तगमग मला समजते. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आला, दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले, प्रमाणपत्रांची गरज वाढली. प्रमाणपत्रावर मुलाच्या सवलती, पेन्शन, शाळा अवलंबून असतात. रांग संपत नाही आणि चाचणी करणारे हात दोनच.

तरीही या टेबलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. बिने-कामत चाचणी ही व्ही. व्ही. कामतांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. म्हणजे आपल्याच भाषेतल्या मुलांवर घासून घडवलेलं हत्यार तुमच्या हातात आहे, आणि ते किती जुनं झालंय हेही तुम्हाला रोज दिसतं. सत्तरी तालुक्यातला एक सात वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसला होता. शब्दांच्या प्रश्नांवर गप्प. खिडकीबाहेर एक पक्षी ओरडला, तेव्हा त्याने पक्ष्याचं नाव सांगितलं, घरटं कुठे करतो ते सांगितलं, अंडी कधी देतो ते सांगितलं. आईला वाईनलँडचे, म्हणजे मूल रोजच्या व्यवहारात काय काय करतं याचे प्रश्न विचारले तर कळलं की तो एकटा शेळ्या राखतो आणि संध्याकाळी मोजून परत आणतो. आकडा मी चाचणीत आला तोच लिहिला, पण शेळ्याही रिपोर्टात लिहिल्या. शाळेतल्या बाईंनी नंतर फोन करून सांगितलं की आकड्यापेक्षा त्या चार ओळी त्यांच्या उपयोगी पडल्या.

मेंटरकडे जाताना असेच दोन रिपोर्ट घेऊन जा आणि शब्द न् शब्द तपासून घ्या. रिपोर्ट लिहिणं ही आपली हस्तकला आहे, आणि ती शिकवणारं कोणी लागतं. शिवाय एका वर्षात तुमच्याकडे जी माहिती जमेल, ती नीट तक्त्यात आणि नैतिक समितीच्या परवानगीने ठेवलीत तर तोच तुमचा पहिला अभ्यास होईल. हे सगळं करूनही आठवड्याचे पाचही दिवस चाचण्याच असतील, तर एचओडींकडे आकडे घेऊन जा: ‘सर, गेल्या तीन महिन्यांत इतक्या चाचण्या, इतकी थेरपीची सत्रं. गुरुवारची सकाळ मला थेरपीसाठी द्या.’ तक्रार म्हणून बोललं तर सहानुभूती मिळते. गुरुवार हवा असेल तर आकडे दाखवावे लागतात.

मी मराठीत वाढलो, कोंकणी कळते पण बोलता येत नाही. अडेल का?

अडेल. सरकारी पदांच्या जाहिरातींत कोंकणी आवश्यक आणि मराठी असल्यास उत्तम, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही मागतात. पण नोकरीपेक्षा पेशंटसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे.

एका नव्या मुलाने केसपेपरवर ‘दृष्टिभ्रम’ लिहिलं होतं. बाई म्हणाली होती, ‘म्हाका भंय दिसता.’ त्याने मराठी कानाने ऐकलं: हिला भय दिसतं, म्हणजे काहीतरी दिसतं. कोंकणीत ‘दिसता’ म्हणजे वाटतं. तिला भीती वाटत होती, एवढंच. एका क्रियापदाने तिच्या निदानाची दिशा बदलणार होती, आणि ही चूक सुपरवायझरच्या टेबलावर पकडली गेली. हा मुलगा हुशार होता, मेहनती होता; त्याला फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

‘मन लागना’, ‘न्हीद पडना’, ‘जिवाक बरें दिसना’ हे शब्द वहीत उतरवा आणि त्यामागे पेशंटला काय म्हणायचं होतं तेही लिहा. सिंधुदुर्गातून आलेला माणूस मालवणीत बोलेल, कारवारचा आणखी वेगळं बोलेल. वॉर्डातल्या आया आणि नर्सबाई यात तुमच्या पहिल्या गुरू आहेत. त्यांना विचारायला लाजू नका. पेशंट इथे येण्याआधी देवळात कौल लावून आलेला असतो, कोणी दिश्ट काढून आलेला असतो, कोणी बांबोळीच्या फुलांच्या खुरसाला (क्रुसाला) मेणबत्ती लावून आलेला असतो. ते विचारा, आदराने ऐका, केसपेपरवर लिहा.

माझ्या पेशंटने आत्महत्या केली. मी हे काम करण्यालायक आहे का?

हा प्रश्न मला लिहून कोणी विचारत नाही. फोनवर, रात्री उशिरा विचारतात.

माझ्या तिसऱ्या वर्षी हे झालं. तरुण मुलगा, शॅकवर स्वयंपाकी, पाच भेटी झाल्या होत्या. बातमी सकाळी कळली आणि दहा वाजता माझी ओपीडी होती. एका वरिष्ठ सहकारी मॅडमनी मला ओपीडीतून उठवलं, माझे पेशंट स्वतःकडे वळवले आणि कॅन्टीनमध्ये नेऊन विचारलं, ‘खाल्लंस काही?’ पुढचा अर्धा तास त्या दुसरं काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांनी माझ्यासोबत बसून पाचही भेटींच्या नोंदी ओळीओळीने वाचल्या. प्रत्येक ठिकाणी त्या एकच गोष्ट विचारत होत्या: ‘हे तुला तेव्हा माहीत होतं, की आज माहीत आहे?’ एका जागी खरंच काहीतरी सुटलं होतं. ते त्यांनी झाकलं नाही. ती उणीव मी तेव्हापासून कधी राहू दिलेली नाही.

लायकीचा निर्णय या आठवड्यात घेऊ नका. सुपरवायझरला लगेच सांगा, नोंदी पूर्ण करा पण बदलू नका, कुटुंबाशी एकट्याने बोलायला जाऊ नका. स्वतःला झोप येत नसेल, तेच विचार तुमच्या मनात येत असतील, तर सहकाऱ्याला सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. हा नंबर आपण पेशंटला देतो, तो आपल्यासाठीही आहे.

संशोधनाला वेळ कुठून आणू? आणि गोव्यात बसून मोठं काम होतं का?

होतं. संगथचा मानस अभ्यास गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत, एकूण २४ ठिकाणी झाला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले: प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या मदतीने सरकारी केंद्रांतले नैराश्याचे आणि चिंतेचे रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. २०१७ मध्ये नैराश्य आणि दारूच्या समस्येवरच्या दोन लहान उपचारपद्धतींचे अभ्यास आले, तेही इथलेच. जगभर वाचलं गेलेलं काम आपल्या आरोग्य केंद्रांच्या बाकांवर झालं आहे.

वेळ मात्र कोणी देत नाही. आठवड्यातले दोन तास ठरवा आणि ते रजिस्टरमध्ये ‘संशोधन’ म्हणून लिहा. पहिल्या वर्षी एकच प्रश्न, लहान. पीजी विद्यार्थ्याच्या प्रबंधात सह-मार्गदर्शक म्हणून जागा मागा. त्यातून समितीची कामं, नमुन्याची आकडेमोड, लेखन हे सगळं फुकट शिकायला मिळतं.

माझ्या कामावर पेपर आला आणि माझं नाव आभारात टाकलं. काय करू?

माझ्याबाबतीत पहिल्या नोकरीत, गोव्याबाहेरच्या एका रुग्णालयात हेच झालं. मुलाखती मी घेतल्या, विश्लेषणाचा पहिला मसुदा माझा. छापील अंक हातात आला तेव्हा माझं नाव शेवटच्या ओळीत, तेही चुकीच्या स्पेलिंगने. मी काहीच बोलले नाही, आणि ते आजही मला खटकतं.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष सरळ आहेत: रचनेत किंवा माहिती गोळा करण्यात, विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या गंभीर तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि जबाबदारी. चारही लागतात. म्हणून फक्त माहिती गोळा करून थांबू नका, मसुदा मागा आणि त्यावर लिहा. आणि नावांचा क्रम काम सुरू होण्याआधी ईमेलवर ठरवा. ‘सर, गैरसमज नको म्हणून लिहून ठेवते’ एवढं म्हणायला संकोच वाटतो, पण नंतर भांडण्यापेक्षा ते सोपं आहे. इथे मेंटर खूप उपयोगी पडतो: तो ईमेल पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

मार्गदर्शनाच्या नावाखाली वरिष्ठ रात्री फोन करतात, घरी बोलावतात.

हे मार्गदर्शन नाही. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा, विश्वासातल्या एका माणसाला आजच सांगा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि कंत्राटी किंवा प्रशिक्षणार्थी असलात तरी तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करा. तक्रार केली तर शिफारसपत्र जाईल, ही भीती मला माहीत आहे. शिफारसपत्र देणारे आणखी लोक आहेत, आणि आमच्यातले कितीतरी जण ते आनंदाने देतील.

मेंटर बदलायचा असेल तर? गोव्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

म्हणूनच गुपचूप गायब होऊ नका. भेटून आभार माना, काय शिकलात ते नेमकं सांगा, आणि म्हणा की पुढचं एक वर्ष मुलांच्या कामाकडे वळायचं आहे, म्हणून त्या विषयातल्या माणसाकडे जाते. चांगल्या मेंटरला यात वाईट वाटत नाही. बऱ्याचदा तेच पुढच्या माणसाचा नंबर देतात.

नोकरी चालू ठेवू की पीएच.डी.ला जाऊ?

शिकवण्याची ओढ असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते. थेरपीची ओढ असेल तर आधी तीन-चार वर्षं पेशंट पाहा. प्रश्न तिथूनच मिळतात. बाहेर जायचं असेल तर जा. मी ‘राहा’ म्हणून कोणाला अडवलं नाही, आणि परत आलेल्यांना कोणी ‘का आलास’ विचारलेलं मला आवडत नाही.

कंत्राटाबद्दल एवढंच: सही करण्याआधी रजा, प्रशिक्षणाला जायची परवानगी आणि मुदतवाढीची अट वाचा. पगाराच्या आकड्याने भारावून या तीन ओळी सुटतात.

आता माझ्याच हाताखाली इंटर्न येतात. मला जमेल का?

जमेल. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, संमोहन करतानाचा. येता-जाता सगळे पाहतात. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये सांगितलं ते हेच की शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. इंटर्नसोबत बसताना मला हे आठवतं. तिला उत्तर द्यायची मला घाई असते. तिला मात्र ‘तुला काय वाटतं?’ या प्रश्नानंतरची दोन मिनिटं हवी असतात. आठवड्याला एक ठरलेला तास द्या, तो रद्द करू नका, आणि दार बंद ठेवा. दार उघडं असलं की कोणी ना कोणी रिपोर्ट घेऊन आत येतंच.

मेंटरशी पहिली भेट ठरली आहे. सोबत काय नेऊ?

एक पान. वरच्या अर्ध्यात तुमचा आठवडा: कोणत्या दिवशी काय, किती तास. खालच्या अर्ध्यात एकच अडलेली गोष्ट, तुम्ही आजवर काय करून पाहिलं ते धरून. सीव्ही मागितला तरच दाखवा. फोन बंद ठेवा, लिहून घ्या. त्यांनी चार गोष्टी सुचवल्या तर कोणती एक आधी करू, हे त्यांनाच विचारा. आणि उठण्याआधी पुढची तारीख ठरवून दोघांच्याही डायरीत लिहा.